एकरी दोन क्विंटलचं सोयाबीन टॉनिक : फवारून, कापून, मोजून

गुण आधीच सांगते : पाचपैकी दोन. त्यातला एक बाटलीच्या झाकणाला आणि एक दुकानदाराच्या सचोटीला. आतल्या द्रावणाला काही द्यावं असं माझ्या हाती आलेल्या आकड्यांत दिसलं नाही.

वस्तू ओळखीची आहे. ५०० मिलीची बाटली, आत गडद तपकिरी द्रावण, लेबलवर समुद्री शेवाळाचा अर्क, अमिनो आम्लं, ह्युमिक आम्ल. किंमत ७५० रुपये. एकरी एक बाटली फुलोरा सुरू होताना आणि एक शेंगा भरताना, म्हणजे मजुरी सोडून एकरी दीड हजार. लेबलवर ठळक अक्षरांत ‘एकरी २ क्विंटलपर्यंत वाढ’. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण असंच द्रावण वेगवेगळ्या नावांनी प्रत्येक कृषी सेवा केंद्राच्या फळीवर ओळीनं उभं असतं आणि मला जे म्हणायचंय ते त्या सगळ्यांना लागू आहे.

वापरायला बाटली सोयीची आहे, हे कबूल. झाकणच मापाचं, सील एका हिसक्यात निघतं, नोझल तुंबत नाही, कीटकनाशकात मिसळलं तर फाटत नाही. वास मात्र खारट-कुजका. दुसऱ्या दिवशी भाकरी थापतानाही हाताला येत होता.

मी कनिष्ठ महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवते. औसा तालुक्यात माहेरचं रान आहे, ते धाकटा भाऊ कसतो. त्याला ही बाटली घ्यायची होती, कारण त्यानं कंपनीची पीक पाहणी बघितली होती. मीही गेले. चहा-पोहे होते, मंडप होता, दोन पाट्या होत्या : ‘वापरलेला प्लॉट’ आणि ‘न वापरलेला प्लॉट’. फरक होता, आणि डोळ्यांना दिसेल एवढा होता. वापरलेल्यात झाड कमरेला लागत होतं, शेंगा गच्च. न वापरलेल्यात झाडं विरळ, खालची पानं गळालेली.

पण पाट्या वाचून झाल्यावर मी बांधाबांधानं चालत गेले. वापरलेला प्लॉट विहिरीजवळ, डांबरी रस्त्याला लागून, तुषार संच बसवलेला. न वापरलेला नाल्याच्या अंगाला, चिबडणाऱ्या जागी, वर बाभळीची सावली. शेतकऱ्याला सहज विचारलं, दादा, ह्या प्लॉटला अजून काय काय दिलं? तो प्रामाणिक माणूस. म्हणाला, कंपनीनं किटच दिलं होतं ताई; १९:१९:१९ खत होतं, बोरॉन होतं, अळीच्या दोन फवारण्या त्यांच्याच पोरांनी येऊन केल्या. आणि त्या दुसऱ्या प्लॉटला? त्याला काय द्यायचं, तो ‘न वापरलेला’ होता ना.

आता सांगा, कमरेएवढं झाड कशानं झालं? पाण्यानं, खतानं, बोरॉननं, अळी वेळेत मारल्यानं, रान मुळात भारी असल्यानं की बाटलीनं? ह्यातलं काहीही असू शकतं आणि सगळं मिळूनही असू शकतं. त्या दोन पाट्यांच्या मधे इतक्या गोष्टी बदलल्या होत्या की बाटलीचा वाटा वेगळा काढायला जागाच राहिली नव्हती. कंपनीनं फसवलं असं मी म्हणत नाही. मंडपात माहिती देणारा कंपनीचा पोरगा स्वतः मनापासून विश्वास ठेवून बोलत होता. पण विश्वास आणि पुरावा एकाच मंडपात पोहे खात बसले होते.

दुसरा पुरावा व्हॉट्सॲपवर फिरतो : ‘आधी’ आणि ‘नंतर’चे फोटो. जुलैमध्ये झड लागली की आमच्याकडचं सोयाबीन पिवळं पडतं. चुनखडीचं काळं रान पाण्यानं भरलं की जमिनीत लोह असूनही मुळांना ते उचलता येत नाही. कोवळी पानं पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या. शेतकरी घाबरतो, दुकानात जातो, टॉनिक मारतो. तोवर पाऊस उघडतो, रानाला वाफसा येतो, मुळं कामाला लागतात आणि नवी पानं हिरवी फुटतात. फोटो काढला जातो. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ. गंमत म्हणजे टॉनिक मारायची वेळ नेमकी पीक सगळ्यात वाईट दिसतं तेव्हाचीच असते, आणि सगळ्यात वाईट दिवसानंतरचे दिवस बहुधा बरेच असतात. बांधापलीकडच्या शेजाऱ्यानं काही न मारता त्याचंही हिरवं झालेलं असतं. पण त्याचा फोटो कोण काढणार? ज्याचं मारूनही सुधारलं नाही, त्याचाही फोटो गटावर येत नाही.

म्हणून २०२४ च्या खरिपात बाटली घेतली, पण वापरली आमच्या पद्धतीनं. वाण फुले संगम, पेरणी जूनअखेर, दोन ओळींत ४५ सेंमी. रान वरच्या बाजूला मुरमाड आणि नाल्याकडे उतरत जातं तसं भारी होत जातं. अख्ख्या रानाचे दोन तुकडे करून एकाला बाटली मारली असती तर आम्हीही पाट्याच लावल्या असत्या. त्याऐवजी उतारावर वरपासून खालपर्यंत सहा ठिकाणी शेजारीशेजारी दोन-दोन पट्टे आखले. जोडीतले दोन्ही पट्टे एकाच खोलीच्या मातीवर. प्रत्येक पट्टा १२ ओळींचा, २० मीटर लांब. जोडीतल्या कुठल्या पट्ट्याला बाटली, हे बांधावर उभं राहून नाणं उडवून ठरवलं.

भावाला हे पटलं नाही. “ताई, चांगल्या बाजूला मारू की, वाया कशाला घालवायची?” त्याचा प्रश्न रास्त आहे, आणि उत्तरही त्याच प्रश्नात आहे. माणसाच्या हातात निवड दिली की तो चांगल्या बाजूलाच मारतो. मी स्वतः निवडले असते तरी नकळत तेच झालं असतं. किंवा बाटलीवर राग आहे म्हणून उलट झालं असतं. नाण्याला माती कळत नाही. रानात मला न दिसणारं जे काही आहे, जुन्या उकिरड्याची जागा, वारुळ, कधीकाळी बुजवलेली चारी, ते सगळं दोन्ही बाजूंना वाटलं जायची सारखीच शक्यता राहते.

ही युक्ती शेतातूनच आलेली आहे. इंग्लंडात रॉथॅमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात ब्रॉडबाल्क नावाच्या रानात १८४३ पासून गव्हावर खतांचे प्रयोग चालू होते. लांबलांब पट्टे, दरवर्षी त्याच पट्ट्याला तेच खत. १९१९ मध्ये रोनाल्ड फिशर हा संख्याशास्त्रज्ञ तिथे रुजू झाला आणि ती जुनी आकडेमोड उपसायला बसला. खत चांगलं की पट्टाच चांगला, हा गुंता अशा मांडणीत सुटणं कठीण असतं. १९२६ मध्ये त्यानं लिहून टाकलं की कुठल्या तुकड्याला काय द्यायचं हे चिठ्ठी टाकून ठरवा, आणि प्रत्येक गोष्ट एकाहून जास्त तुकड्यांवर करा. आज औषधांच्या चाचण्यांपासून शाळांमधल्या योजनांपर्यंत सगळीकडे हेच चालतं.

आपल्याकडे पीक कापणी प्रयोगात, म्हणजे गावाचं सरासरी उत्पादन काढायच्या सरकारी मोजणीत तरी लोकांना ह्यातलं मर्म पक्कं ठाऊक आहे. कुठल्या शेतातला कुठला चौकोन कापायचा हे तिथेही चिठ्ठीसारख्या आकड्यांनी ठरतं, संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे आणि वि. गो. पानसे यांनी १९४० च्या दशकात ती रीत देशभर बसवायला मोठा हातभार लावला. तलाठ्यानं स्वतःच्या मनानं चौकोन निवडला तर विम्याच्या वेळी गावात केवढा गोंधळ होईल! तिथे चिठ्ठी ठरवते कुठे बघायचं, माझ्या रानात नाणं ठरवतं कुणाला द्यायचं. कामं निराळी, पण दोन्हीकडे माणसाचा हात बाजूला काढायचा असतो.

बाटली नसलेल्या पट्ट्यांना कोरडं सोडलं नाही. त्यांनाही तेवढंच पाणी, त्याच पंपानं, त्याच दिवशी. खत, तणनाशक, अळीची फवारणी सगळं रान एक. म्हणजे जोडीतल्या दोन पट्ट्यांत फरक राहिला तो फक्त तपकिरी द्रावणाचा. मारणाऱ्याला कुठला पंप कशाचा हे कळू नये असंही मनात होतं, पण त्या वासापुढे ते शक्य नव्हतं. “ताई, झाकण लावलं तरी कळतंय की कुठला हाय ते,” असं भाऊ पहिला पंप पाठीवर घेतानाच म्हणाला. त्यामुळे गुप्तता कापणीसाठी राखून ठेवली : पट्ट्यांच्या खुंट्यांवर फक्त आकडे, आणि कोणत्या आकड्याला काय मारलं ते माझ्या वहीत. कापणाऱ्या बायांना, मळणीवाल्याला, काट्यावर बसलेल्या पुतण्याला काही माहीत नव्हतं. शेंगा वेचताना, काडीत राहिलेले दाणे झटकताना हात कुठे जरा जास्त फिरतो, हे फार बारीक असतं. आणि आम्हाला शोधायचा होता तो फरकही बाटलीच्या दाव्याएवढा मोठा नसेल तर बारीकच असणार होता.

वारा असतोच, फवारा शेजारच्या पट्ट्यावर उडतो. म्हणून १२ ओळींतल्या कडेच्या तीन-तीन सोडून मधल्या सहाच ओळी कापल्या. दुसरी फवारणी ऑगस्टअखेर झाली आणि सप्टेंबरच्या पहिल्या दोन दिवसांत मराठवाडाभर अतिवृष्टी. नाल्याकडच्या जोडीत पाणी साचलं. पण ते जोडीतल्या दोन्ही पट्ट्यांत साचलं, ही ह्या मांडणीची कमाई. आधी-नंतरचे फोटो काढत बसले असते तर त्या पावसानं बाटलीची किंवा तिच्या बदनामीची कहाणी परस्पर लिहून टाकली असती.

आता वजनाचं बघा, कारण सगळ्यात मोठी फसगत इथे होऊ शकते. कंपनी म्हणते, टॉनिकनं झाड जास्त दिवस हिरवं राहतं. हे खरं असावं असं मलाही वाटतं. कापणीच्या दिवशी ओलावा मापक यंत्रावर बाटलीच्या पट्ट्यांतले दाणे सरासरी १५ टक्के दाखवत होते, बिनबाटलीचे १४. मग हिरवं राहिलेलं पीक काट्यावर जड भरतंच, पण ते जडपण पाण्याचं. खरेदीचा नेहमीचा निकष १२ टक्के ओलाव्याचा. त्या हंगामात सरकारनं तो १५ पर्यंत सैल केला होता, तो भाग वेगळा. हिशेब करून बघा : ८ क्विंटल सोयाबीन १६ टक्के ओलाव्याचं असेल, तर १२ टक्क्यांवर ते साधारण ७ क्विंटल ६४ किलो राहतं. ३६ किलो गेले, नुसते वाळून. आणि बाटलीचे दीड हजार फिटायला किती सोयाबीन वाढायला हवं? त्या वर्षीच्या क्विंटलला ४,८९२ रुपये हमीभावानं ३१ किलो. म्हणजे ओलावा न मोजता केलेल्या तुलनेत बाटली काहीही न करता स्वतःचे पैसे वसूल करून दाखवू शकते. शिवाराच्या पाहणीत ओलावा मापक मला कुठे दिसला नाही. तुम्हाला दिसला तर कळवा.

निकाल. सगळी वजनं १२ टक्क्यांवर आणून, एका पट्ट्याच्या मधल्या सहा ओळींतून सरासरी साडेदहा किलो. जोडीनिहाय फरक असा : सगळ्यात वरच्या जोडीत बाटलीचा पट्टा ७०० ग्रॅमनं जड. दुसरीत ३०० नं हलका. मग २०० जड, ५०० जड, १०० जड, आणि नाल्याजवळच्या जोडीत ६०० नं हलका. सरासरी १०० ग्रॅम बाटलीच्या बाजूनं. ओल्या वजनावर हाच फरक दुपटीहून जास्त दिसत होता.

१०० ग्रॅम म्हणजे एकरी साडेसात किलो. हमीभावानं पावणेचारशे रुपयांच्या आतबाहेर, आणि बाजारात तर दर हमीभावाच्या खालीच होता. खर्च दीड हजार.

भाऊ म्हणाला, “पण ताई, सहापैकी चार जोड्यांत तर वाढलंच की!” वाढलं. पण नाणं मीच उडवलं होतं, तर त्याच नाण्याला विचारू. बाटलीत नुसतं पाणी असतं, तरी दर जोडीत कुठला तरी पट्टा जड निघालाच असता, आणि तो बाटलीचा निघायची शक्यता निम्मी. सहा नाणी टाकली की ६४ तऱ्हा होतात, त्यातल्या २२ तऱ्हांत चार किंवा जास्त छापे पडतात. म्हणजे तीनात एकदा हे निव्वळ नशिबानं होतं. सहाच्या सहा जोड्यांत बाटली पुढे असती, तर ६४ त एकदाच घडणारी गोष्ट घडली म्हणून मी गप्प बसून दुसरी बाटली आणली असती.

उलट्या बाजूनंही ओढून ताणून बोलायचं नाही. जोड्यांतले फरक उणे ६०० ते अधिक ७०० असे हेलकावतायत. एवढ्या हेलकाव्यात चारशे ग्रॅमचा खरा फायदा, म्हणजे पैसे जेमतेम फिटण्याएवढा, दडून बसू शकतो. सहा जोड्या त्याला पकडायला अपुऱ्या आहेत. ‘ही बाटली निकामी आहे’ असं म्हणायला माझ्याकडे पुरावा नाही. पण लेबलवरचे एकरी दोन क्विंटल म्हणजे माझ्या पट्ट्यात दोन किलो ६७० ग्रॅम. तेवढं वाढलं असतं तर काट्याचीही गरज नव्हती, गोणी उचलतानाच कळलं असतं. एकाही जोडीत त्याच्या जवळपास काही नाही.

कंपनीच्या पोराला हे फोनवर सांगितलं. त्याचं पहिलं म्हणणं, मॅडम, तुमच्याकडे पाऊस जास्त झाला. झाला, पण दोन्ही पट्ट्यांवर झाला. दुसरं, तुम्ही आमचं १९:१९:१९ सोबत घेतलं नाही. बरोबर, मला बाटलीचं परीक्षण करायचं होतं, खताचं नाही. दोन्ही मिळून काही वेगळं घडत असेल, तर ज्या पट्ट्याला नुसतं खत त्याच्याशी खत अधिक बाटलीची तुलना करा, मी पट्टे देते. तिसरं म्हणणं मात्र वजनदार होतं : टॉनिकचा उपयोग पिकाला ताण असतो तेव्हा, पावसाच्या खंडात. ह्याला माझ्याकडे उत्तर नाही. माझा निकाल एका रानाचा, एका वाणाचा, ओल्या वर्षाचा. त्या रानात त्या वर्षी काय झालं ह्याबद्दल मी ठामपणे बोलते. बुलढाण्यात कोरड्या ऑगस्टमध्ये काय होईल ते तिथल्या पट्ट्यांनीच सांगावं.

आता दुकानदार. त्याचा गुण का, तर त्यानं पक्कं बिल दिलं, बॅच नंबर लिहून दिला, आणि काउंटरवर मी विचारलं, “काका, तुम्ही स्वतःच्या रानात मारता का हे?” तर हसून म्हणाले, “ताई, मी विकतो.” २०२१ पासून अशी जैविक उत्तेजकं खत नियंत्रण आदेशाखाली आली आहेत आणि नोंदणीसाठी कंपनीला शेतावरच्या चाचण्यांची माहिती द्यावी लागते. ती माहिती, म्हणजे किती ठिकाणी, तुलना कशाशी, ओलावा किती धरून, एवढं लेबलवरच्या एका क्यूआर कोडमागे टाकायला काय हरकत आहे? सध्या कोड स्कॅन केला की हिरव्यागार रानाचा व्हिडिओ लागतो, ढोलकीसकट.

घ्यावी की नाही? दीड हजार रुपये एकरी मोकळे असतील आणि बीजप्रक्रिया, उगवण तपासणी, पाण्याचा निचरा ही कामं झालेली असतील, तर हौस म्हणून घ्या. पण घेतली तर निदान चार-पाच जोड्या आखा, नाणं टाका आणि उरलेल्या पट्ट्यांवर पाणी मारा. एका बाटलीत एवढं होतं, आमची दोन्ही फवारण्या करून निम्म्याहून जास्त उरली. पिवळ्या पानांसाठी मात्र घेऊ नका. त्याला आधी चर काढा.

कंपनीनं येत्या हंगामात फुकट बाटल्या देऊन आमच्या रानात पाहणी घ्यायची तयारी दाखवली आहे. मी तीन अटी घातल्या : नाणं मी टाकणार, काट्यावर आकडे लिहून होईपर्यंत पाटी लागणार नाही, आणि जे निघेल ते मंडपात माइकवर वाचून दाखवायचं. पोरगा म्हणाला, वरिष्ठांना विचारून सांगतो. पोह्यांचा खर्च आम्ही करू, असं भावानं परस्पर कबूल केलं आहे.